भाड्यावरचं टिंब

मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो तेव्हा छापखान्यात मुद्रितं तपासणारा एक साधा पगारदार माणूस होतो. पुन्हा ताठ उभा राहिलो तेव्हा बारा टेबलांच्या एका उपाहारगृहाचा मालक झालो होतो.

घडलं ते एवढंच. एका बंद गाळ्याच्या पायरीवर मी पाय ठेवला होता. नाडीचा पहिला फास घालतोय तोच डोक्यावरून आवाज आला, "पायरी आवडली ना? आवडणारच! आतली फरशी बघाल तर बूट काढून हातात घ्याल." मी मान वर करायच्या आत गाळ्याचं शटर वर गेलं होतं. दुसरा फास घालेपर्यंत त्या आवाजाने माझी टेबलं मांडली. "बारा आरामात बसतात. तेरावंही बसतं, पण ते मोरीच्या दाराला लागतं." गाठ मारेपर्यंत त्याने माझ्यासाठी एक आचारी नेमला, मीठ जास्त घालतो म्हणून काढून टाकला आणि त्याच्या जागी त्याच्याच मेहुण्याला घेतलं. दुसऱ्या बुटाची नाडी खरं तर सुटलेली नव्हती. पण वर बघायचा धीर होईना म्हणून मी ती मुद्दाम सोडली आणि बांधायला घेतली. तेवढ्यात माझा धंदा इतका वाढला की शेजारचा गाळाही घ्यावा लागला.

"पण मला हॉटेल काढायचं नाहीये," मी शेवटी म्हणालो.

"कुणालाच काढायचं नसतं, भाचेबुवा," तो आवाज मायेने म्हणाला. "जागा काढायला लावते."

हा जागामामा. त्याचं खरं नाव त्याच्या पाटीवर लिहिलेलं होतं म्हणतात, पण ती पाटी लावायला त्याच्याकडे भिंत उरली नव्हती. स्वतःचं ऑफिसच त्याने एका चांगल्या गिऱ्हाइकाला भाड्याने मिळवून दिलं होतं. तेव्हापासून घडीच्या एका स्टुलावर त्याचा सगळा कारभार चाले. बुटका, गोल, अंगात बारा महिने एकच कोट आणि कोटाच्या प्रत्येक खिशात वेगवेगळ्या गाळ्यांच्या किल्ल्या. तो चालायला लागला की गल्लीच्या टोकाला कुणीतरी कपबशांचा ट्रे घेऊन पळतंय असं वाटे.

आख्खी वस्ती त्याला मामा म्हणायची आणि तो आख्ख्या वस्तीला भाचा म्हणायचा. माझ्या थोरल्या बहिणीला मात्र तो ताई म्हणे. म्हणजे बहीण त्याची ताई आणि मी त्याचा भाचा; या न्यायाने माझी सख्खी बहीण माझी आई ठरत होती. हे मी त्याला एकदा दाखवून दिलं तर म्हणाला, "नात्यात कशाला शुद्धलेखन काढता?"

आमची वस्ती म्हणजे नुसती अठरापगड नव्हे; अठरा मोजून झाल्यावर जे उरले तेही आमच्याकडेच राहायला आले होते. एका जिन्यावर चार मजले आणि चार भाषा, आणि पाणी गेलं की चारही भाषांत एकच ओरड. अशा ठिकाणी हॉटेलासाठी जागा मिळवून देणं हे येरागबाळ्याचं काम नाही. एकाला ज्या वासाने भूक लागते त्याच वासाने वरच्या मजल्यावरच्याची अर्धशिशी उठते. म्हणून घरमालक गाळा चपलांना देतील, कुलपांना देतील, शवपेट्यांना देतील, पण चुलीला देणार नाहीत.

मामाला वस्तीतल्या सगळ्या भाषा येत होत्या. म्हणजे प्रत्येक भाषेतले चार शब्द येत होते: जागा, छान, उद्या आणि काळजी नको. एवढ्या भांडवलावर त्याने तीस वर्षं काढली. एकदा एका वेगळ्याच भाषेतल्या बाईशी तो पाऊण तास बोलताना मी ऐकला. ती रडत होती आणि हा "काळजी नको, छान, उद्या" असं म्हणत होता. नंतर कळलं की तिची मांजर मेली होती. पण बाईंचं समाधान झालं होतं.

त्याच्या कामाची एक रीत होती. गिऱ्हाइकाला जागा दाखवण्याआधी तो तीन दिवस त्या जागेपुढे स्टूल टाकून बसायचा. हातात काही नाही, तोंडात काही नाही. नुसता लोकांच्या पायांकडे बघत. "चाल कुठे मंदावते ते बघायचं," तो सांगे. "माणूस खोटं बोलतो, चाल बोलत नाही. या कोपऱ्यावर आला की प्रत्येकाचा पाय अर्धा क्षण अडखळतो. म्हणजे इथे त्याला भूक लागते, फक्त त्याला ते अजून कळलेलं नाही." मी म्हणालो, "मामा, तिथली फरशी उचकटलेली आहे." तो म्हणाला, "तुम्हाला प्रत्येक गोष्टीत चूकच दिसते. धंदाच तसा तुमचा."

आता ताईचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं.

ताई एका इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये बावीस वर्षं स्वयंपाक करत होती. रोज साडेतीनशे माणसांचं जेवण. डॉक्टर, पेशंट आणि पेशंटला भेटायला येऊन स्वतःच तब्येत बिघडवून घेणारे नातेवाईक, सगळे तिच्या हातचं जेवत. एक दिवस इस्पितळाने कॅन्टीन बंद केलं आणि तिथे नाणं टाकल्यावर खोकून एक पाकीट बाहेर टाकणारी यंत्रं उभी केली. ताई तेव्हा चोपन्न वर्षांची होती. यजमान जाऊन नऊ वर्षं झालेली. ती सहा ठिकाणी विचारून आली. सहाही ठिकाणी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि "कळवतो" म्हणाले. सातव्या ठिकाणाहून परत आल्यावर तिने पर्स टेबलावर आपटली आणि जाहीर केलं, "मला कुणी ठेवणार नसेल तर मीच मला ठेवते. खानावळ काढणार."

अडचण अशी की आमच्या भागात खानावळी फार झाल्यात असं पालिकेच्या मनाने घेतलं होतं. महिनाअखेरपर्यंत जे अर्ज येतील तेवढेच. नंतर नवे परवाने बंद. अर्जाला भाडेकरार जोडायचा. हातात तेवीस दिवस होते आणि जागा नव्हती. मी मामाला निरोप धाडला.

रविवारी सकाळी मामा कोटाला ब्रश मारून घरी आला. ताई शेंगा मोडत बसली होती. बायको पाणी घेऊन आली. मामाने घसा खाकरला आणि म्हणाला, "ताईंसाठी एक स्थळ आणलंय."

बायकोने पाण्याचा तांब्या तसाच परत नेला आणि चहाचं आधण ठेवलं. ताईच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"वय काय?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं. तिला अशा बाबतीत दम निघत नाही.

"चाळीसेक असेल. पण दिसत नाही. पाया भक्कम."

"आधीचं काही?"

"लपवाछपवी नाही, वहिनी. आधी दोनदा झालंय. चपलावाल्याशी अकरा वर्षं छान चाललं, मग मोडलं. नंतर एक शिकवणीवाला आला, तो सहा महिन्यांत पळून गेला. त्यात स्थळाचा काही दोष नाही."

"अगं बाई! आणि घरात कोण कोण?"

"वर एक म्हातारी आहे. सासूच समजा. खमकी आहे, पण मी सांभाळून घेईन. बाकी एका कोपऱ्यातून थोडं गळतं. डांबर लावलं की थांबेल."

ताई उठली. तिच्या हातात सुरी होती. "मामा," ती म्हणाली, "तुम्ही उठा."

"आत्ताच बघायला जायचं?" मामा आनंदाने उठला. "वा! अशी घाई असलेली माणसं मला आवडतात."

जिना उतरेपर्यंत उलगडा झाला. ताईने मामाला त्या दिवशी जे सुनावलं ते मी इथे देत नाही. पण बायको मात्र "डांबर लावलं की थांबेल" हे वाक्य आठवून आठवून आठवडाभर भाजी करपवत होती.

स्थळ म्हणजे माझ्या नाडीच्या पायरीचाच गाळा, आणि तो खरोखरच चांगला होता. रुंद दार, मागे मोरी, धूर वर न्यायला जुनं धुराडं. फरशीवर अजून शिकवणीवाल्याच्या बाकांचे ओरखडे आणि भिंतीवर कुणीतरी खिळ्याने कोरलेला एक चुकीचा गुणाकार. ताई मधोमध उभी राहिली, मोरीचा नळ सोडून पाण्याला जोर आहे का बघितलं, खिडकीची कडी लावून बघितली, आणि पदर कमरेला खोचला. तेव्हाच मी ओळखलं की हिने मनातल्या मनात चूल मांडलीसुद्धा.

प्रश्न होता वरच्या मालकीणबाईंचा. त्या कोर्टात अडतीस वर्षं कारकून होत्या. वय पंच्याहत्तर, पाठ काठीसारखी सरळ, आणि गळ्यात चष्म्याऐवजी भिंग. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान तीन शब्दांत मावे: "लिहिलंय ते लिहिलंय." आजवर अकरा हॉटेलवाल्यांना त्यांनी दारातून परत धाडलं होतं. वरच्या तिन्ही बिऱ्हाडांचं एकमेकांशी कशावरच जमत नसे, पण खाली हॉटेल नको यावर मात्र त्यांची एकी होती.

मामाने कुणाशी वाद घातला नाही. त्याने ताईला एवढंच सांगितलं, "उद्या अकरा वाजता इथे शेगडी आणा. फक्त कांदा परता. बाकी काही नाही. मसाला नाही, लसूण नाही, हुशारी नाही. फक्त कांदा, मंद आचेवर."

ताईने कांदा परतला. कसा, ते सांगून समजणार नाही. मला वास आला आणि छापखान्यात निघालेला मी परत येऊन पायरीवर बसलो. मामा जिन्यात स्टूल टाकून बसला होता. पहिल्या मजल्यावरच्या बाई खाली आल्या. "कसला वास हो?" मामा म्हणाला, "तुम्हीच सांगा." त्या म्हणाल्या, "आमच्या आजोळी असा यायचा." दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ आले. ते दुसऱ्याच देशातले, दुसऱ्याच भाषेतले. त्यांनी हुंगलं आणि छातीवर हात ठेवून "आई" या अर्थाचा काहीतरी शब्द उच्चारला. तिसऱ्या मजल्यावरून रात्रपाळी करून झोपलेली नर्स उठून आली आणि जेवायला काय आहे म्हणून विचारू लागली.

"कांदा," मामा मला कानात म्हणाला, "जगात सगळ्यांना आपल्याच घरचा वाटतो. भांडणं पुढे, मसाल्यात."

शेवटी मालकीणबाई स्वतः काठी टेकत आल्या. कढईत डोकावल्या. भिंगातून कांदा बघितला. मग म्हणाल्या, "करार लिहून आणा. मी वाचेन."

इथून माझा संबंध आला.

मामा करार हाताने लिहायचा, काळ्या शाईने, मोत्यासारख्या अक्षरात. पण त्याला एक खोड होती. लहानपणी अनुस्वार विसरला म्हणून मास्तरांनी त्याला एकदा वर्गाबाहेर उभा केला होता. त्या दिवसापासून त्याने अनुस्वारांची कधी टंचाई पडू दिली नाही. कुठलं अक्षर कधी मागेल सांगता येत नाही, म्हणून तो आधीच सगळ्यांना एकेक देऊन ठेवी. त्याच्या कागदाकडे लांबून पाहिलं तर लाडवावर तीळ लावल्यासारखं दिसे. 'जांगा', 'मांलकीण', 'खिंडक्या'. ताई म्हणाली, "तू एवढा शुद्धलेखनवाला, तूच तपास बाबा." मी बसलो आणि एका संध्याकाळी दोनशे सहा टिंबं वेचली. मामाने ते सगळं पुन्हा सुंदर अक्षरात उतरवलं. मी पुन्हा वाचलं. मालकीणबाईंनी तीनदा वाचलं, भिंगाने. "वाचले, समजले, मान्य," असं लिहून त्यांनी सही केली. ताईने केली. साक्षीदार म्हणून मी केली. भाड्याची रक्कम वेगळ्या चिठ्ठीवर लिहून मालकीणबाईंच्या कपाटात गेली, कारण आकडा चारचौघांनी बघू नये असं त्यांचं म्हणणं.

अर्जाची मुदत संपायला पाच दिवस असताना ताई, मामा आणि मी परवान्याच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या कारकुनाने करार वाचला. थांबला. पुन्हा वाचला. मग शेजारच्या खिडकीतल्या कारकुनाला बोलावून आणलं आणि दोघांनी मिळून वाचला.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही मालकिणीला दर महिन्याला भांडं देणार?"

"कसलं भांडं?"

"तेच विचारतोय. इथे लिहिलंय: 'भाडेकरूने दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत मालकिणीस ठरलेले भांडे द्यावे.' आम्हाला भाड्याचा करार लागतो. हा भांड्यांचा व्यवहार झाला. वजनमापं तिसऱ्या मजल्यावर."

दोनशे सहा वेचली होती. दोनशे सातवं भाड्यावर बसलं होतं.

कचेरीच्या पायऱ्या उतरताना ताई माझ्याकडे बघत नव्हती. मग एकदम बघितलं. "अरे, तू वाचलं होतंस ना?"

"वाचलं होतं."

"मग?"

इथे मी सरळ चुकलो म्हणायला हवं होतं. पण छापखान्यात सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाच्या तोंडून ते वाक्य निघत नाही. मी म्हणालो, "'भांडे' हा शब्द शुद्धच आहे. अर्थ हे माझं खातं नाही."

"आणि तुम्ही हो, मामा?"

मामा आभाळाकडे बघत म्हणाला, "पूर्वी भांडंच म्हणायचे. जुना शब्द आहे. हल्लीच्या लोकांना माहीत नाही."

ताईला वाटलं, मालकीणबाई तरी शहाण्या असतील. त्यांनी करार हातात घेतला, भिंग लावलं, आणि बघता बघता त्यांचा चेहरा कोर्टाच्या इमारतीसारखा झाला. "मी तीनदा वाचलंय," त्या म्हणाल्या. "भांडं लिहिलंय म्हणजे भांडंच ठरलं असणार."

"अहो, पण आपलं भाडं ठरलंय! चिठ्ठी आहे कपाटात!"

"चिठ्ठीत आकडा आहे. कशाचा ते लिहिलेलं नाही. तेवढी भांडी, असाही अर्थ निघेल."

"मग टिंब खोडू या. दोघी सही करू."

"दुरुस्ती म्हणजे मूळ चुकलं होतं असं कबूल करणं," मालकीणबाई म्हणाल्या. "अडतीस वर्षांत माझ्या सहीच्या वर चूक गेलेली नाही. लिहिलंय ते लिहिलंय."

म्हणजे बघा. करार लिहिणारा म्हणतो बरोबर आहे, तपासणारा म्हणतो बरोबर आहे, सही करणारी म्हणते बरोबर आहे. तीन विद्वान एका टिंबामागे भिंत करून उभे, आणि भिंतीच्या पलीकडे माझी बहीण.

दुसऱ्या दिवशी ताई पहिल्या महिन्याचे पैसे आगाऊच घेऊन वर गेली. ते घ्यायला मालकीणबाईंनी नकार दिला. करारात पैसे नाहीत. ताई खाली आली, एक पातेलं उचललं, वर नेऊन त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी पावती दिली. पावतीवर 'एक पातेले' लिहिलं. मग ताईचा मोर्चा मामाकडे वळला. "तुमची दलाली. कलम सात: 'दलालास वरीलप्रमाणे एका महिन्याचे मिळेल.'" आणि तिने त्याच्या हातात दुसरं पातेलं दिलं.

मामाने ते उलटसुलट करून बघितलं. "झाकण?"

"करारात झाकण नाही."

तो पातेलं मांडीवर घेऊन स्टुलावर बसून राहिला. येणारेजाणारे त्यात नाणी टाकतात की काय असं मला वाटत होतं.

त्या दुपारी मी गाळ्यात गेलो तेव्हा ताई एकटीच होती. बारा टेबलं पुसून झाली होती. शेगडी बसवून झाली होती. ती तेराव्या टेबलाजवळ, मोरीच्या दाराशी बसली होती. मला वाटलं चिडेल. ती चिडली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"चार दिवस राहिले रे," ती म्हणाली. "परवाना नाही मिळाला तर हे सगळं मोडीत जाईल, ते चालेल. पण मग मी करू काय? घरी बसून तुझ्या बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवू? तुम्हा तिघांची अब्रू सांभाळायला बावीस वर्षं चुलीपुढे उभी राहिले का मी?"

मी उठलो आणि सरळ मामाकडे गेलो. म्हणालो, "मामा, चला वर. चूक आपली आहे. आपण दोघं कबूल करू."

मामाने हात वर केला. तो पायांकडे बघत होता. तो विचार करतोय हे मला पहिल्यांदाच दिसलं. "आपण कबूल करून काय होणार?" तो म्हणाला. "आपण चुकलो म्हणजे त्याही चुकल्या. त्या मरतील, पण चुकणार नाहीत. अशी वाट पाहिजे की चूक तर झाली, पण कुणी केलीच नाही." मग त्याने नाकावरची माशी हाकलली. हाकलताना हात हवेतच थांबला. "भाचेबुवा," तो हळूच म्हणाला, "माशी!"

आम्ही वर गेलो. मामा गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "बाई, मी काल नक्कल बघितली. माझ्या लिहिण्यात टिंब नाही. यांच्या वाचण्यात नव्हतं. तुमच्या तर नसणारच. म्हणजे ते टिंब नव्हेच. नंतर कधीतरी कागदावर माशी बसून गेली. तिची ती खूण."

मालकीणबाईंनी भिंग उचललं आणि त्या टिंबाकडे कितीतरी वेळ बघितलं. अडतीस वर्षं कागद हाताळलेली बाई. शाई कुठली आणि माशी कुठली हे त्यांना न कळणं शक्यच नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, "आकार माशीचाच दिसतो."

मी श्वास सोडला. तो लगेच परत घ्यावा लागला.

"पण माशी कुठली? माझ्या घरात माश्या नाहीत."

"अर्थातच!" मामा म्हणाला. "माझ्याकडे तर भिंतच नाही, मग माशी कुठली?"

दोघंही माझ्याकडे बघू लागले. करार एक रात्र माझ्या घरी होता.

"लेखी द्या," मालकीणबाई म्हणाल्या.

आणि मी लिहून दिलं. 'मी खाली सही करणार असे लिहून देतो की, सदर करारावरील खूण ही माझ्या राहत्या घरातील माशीची असून, तिच्या या कृत्याशी मालकीणबाई, दलाल व भाडेकरू यांचा काहीही संबंध नाही.' मामाने ते वाचलं आणि 'माशी'वर टिंब हवं का म्हणून विचारलं. मालकीणबाईंनी दाढीच्या पात्याने ती खूण इतक्या नाजूकपणे खरवडली की कागदाला खबर लागली नाही. मग शेजारी सही केली. मग शांतपणे उठून आतून पातेलं आणून ताईला परत द्यायला माझ्या हातात दिलं. घासून ठेवलेलं होतं.

घरी हे सांगितल्यावर बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "अहो, माझ्या घरात माशी आहे असं कोर्टातल्या बाईला लिहून दिलंत? उद्या झुरळांचं पण देऊन या."

शेवटच्या दिवशी आम्ही त्याच खिडकीपुढे उभे राहिलो. त्याच कारकुनाने करार उजेडात धरला.

"इथलं टिंब कुठे गेलं?"

"उडालं," मामा म्हणाला.

कारकुनाने मामाकडे बघितलं, ताईकडे बघितलं, आणि शिक्का मारला. ताईने शिक्का वाळेपर्यंत कागद दोन्ही हातांत आडवा धरून ठेवला. बाहेर आल्यावर तिने मामाला झाकण दिलं.

खानावळ चांगली चालली. इस्पितळातले डॉक्टर रस्ता ओलांडून यायला लागले. पहिल्या मजल्याचं आणि दुसऱ्या मजल्याचं मसाल्यावरून भांडण झालं ते झालंच. पण ते आता ताईच्या टेबलावर बसून भांडत. मालकीणबाई रोज साडेबाराला खाली येत, भिंगातून फळा वाचत आणि त्यावर लिहिलेलं असेल तेच मागत. मामा तेराव्या टेबलाशी बसे. मोरीचं दार पाठीला लागे तरी तो जागा बदलत नसे, कारण तिथून सगळ्यांचे पाय दिसत. येणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाला तो विचारी, "खाणं आवडलं ना? मग स्वतःचं का नाही काढत?" ताई म्हणे, "मामा, माझ्याच खुर्चीवर बसून माझ्यासमोर दुसरी खानावळ काढताय?" मामा म्हणे, "ताई, तुमचं लग्न लावलं म्हणून मी बाकीच्यांची लावायची नाहीत का?"

असं सहा वर्षं चाललं. मग मालकीणबाई पुतण्याकडे राहायला गेल्या, आणि पुतण्याने इमारत विकली. नव्या मालकाला खाली बँक हवी होती. ताईला जागा सोडायला तीन महिने मिळाले.

पुढची जागा तिने मोबाइलवर बघून घेतली. दलाल लागला नाही.